‘आता या वयात?’ विचारणाऱ्यांना उत्तर

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सांगून टाकलं. सुट्टीत कोकणात गेले होते, समुद्रात एक किलोमीटर पोहायचं ठरवलं होतं, अर्ध्याच्या आत नाव धरली, आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा जाणार आहे. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग आमचे एक ज्येष्ठ सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, ‘‘टीचर, अब इस उम्र में?’’ सगळे हसले. मीही हसले, कारण अशा वेळी बायका हसतात.

त्याच टेबलावर त्या दिवसाचा पेपर पडला होता. आतल्या पानावर एका शाळकरी मुलाचा फोटो होता. तो मुंबईच्या समुद्रात लांबचं अंतर पोहून आला होता. दहा मिनिटांपूर्वी याच सरांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती आणि सगळ्यांनी ‘माशाअल्लाह’ म्हटलं होतं.

माझं वय चव्वेचाळीस. अकोल्यात उर्दू आणि मराठी शिकवते. माहेर अमरावतीचं, बी.एड.ही तिथलंच. मला त्या मुलाचा हेवा वाटला नाही. अल्लाह त्याला सलामत ठेवो. पण मुलाला शाबासकी आणि बाईला हसू, हा हिशेब कुणी मांडला, हा प्रश्न त्या दिवशी घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. विचार करत गेले तेव्हा वाटलं, आपण हा हिशेब चक्क उलटा मांडला आहे. उघड्या पाण्यातलं लांब पल्ल्याचं पोहणं हे मोठ्या वयाच्या माणसाला झेपणारं काम आहे. चाळिशीत त्याचं दार बंद होतं ते बहुतेक वेळा शरीर नव्हे, आजूबाजूची माणसं लावून घेतात. रागाने बोलतेय असं वाटेल, म्हणून पुरावे देऊन बोलते.

लांब पल्ल्याच्या पोहण्यात सगळ्यात मानाचं पाणी म्हणजे इंग्लिश खाडी. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये जिथे ती सगळ्यात अरुंद आहे, तिथेही साधारण ३३ किलोमीटर. १९८८ मध्ये टॉमस ग्रेगरी नावाचा इंग्रज मुलगा ती पोहून गेला, तेव्हा त्याला बारावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्याचं कौतुक झालंच. पण पुढे तिथल्या लोकांनी बसून विचार केला आणि नियम केला की सोळा वर्षांखालच्या कुणालाही ही खाडी पोहता येणार नाही. लहान शरीर थंड पाण्यात लवकर गार पडतं, आणि थांबायचं कधी हे लहान मूल स्वतः ठरवू शकत नाही. काठावरचा बाप ठरवतो. म्हणजे त्या खेळाच्या जाणत्यांनी खालच्या वयाला दार लावलं. वरच्या वयाचं काय? डॉक्टरांचा दाखला आणा आणि या.

आणि लोक येतात. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे हृदयशल्यचिकित्सक ओटो थॅनिंग ७३ व्या वर्षी खाडी पोहून गेले. तेरा तासांच्या आत. २०१८ मध्ये लिंडा अ‍ॅशमोर ही इंग्रज बाई ७१ व्या वर्षी गेली. आपल्याकडचं बोलायचं तर २०२३ मध्ये बेंगळुरूचे सिद्धार्थ अग्रवाल ४९ व्या वर्षी गेले. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड खाड्या आणि सामुद्रधुन्या पोहण्याचा क्रम पूर्ण केला, असं करणारे ते पहिले आशियाई. ते वयाने तरुण, पण ही सातही पाणी एका उन्हाळ्यात होत नाहीत, त्याला वर्षं द्यावी लागतात, हे त्यांच्याकडे बघूनही कळतं.

हे कसं शक्य होतं? यात चमत्कार काही नाही. शंभर मीटरच्या शर्यतीला लागतो तो झटका, स्नायूंची ती चपळाई, वयाबरोबर आधी जाते. दम मात्र सराव चालू असेल तर बराच काळ टिकतो. त्यात समुद्राचं पाणी खारट म्हणून जड. ते शरीराला जरा वर उचलून धरतं. थंड पाण्यात अंगावरची थोडी चरबी उपयोगीच पडते, जिच्यासाठी आम्ही एरवी आरशासमोर उसासे टाकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेग आवरता येणं. पहिल्या तासात जोर दाखवणारा पाचव्या तासात संपतो. ज्याने घर चालवलंय, कर्ज फेडलंय, आजारी माणसाजवळ रात्री काढल्यात, त्याला कुठे थांबायचं आणि कुठे थोडं राखून ठेवायचं हे शिकवावं लागत नाही.

खाडीत तर भरती-ओहोटी पोहणाऱ्याला सरळ जाऊच देत नाही. नकाशावर ३३ किलोमीटर, प्रत्यक्षात वाकडीतिकडी रेघ त्याहून कितीतरी लांब. किनारा समोर दिसतो आणि तास-दोन तास जवळच येत नाही. त्या वेळेला हात मारत राहायचं. आमच्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही चाळिशीच्या बाईला विचारा, किनारा दिसतोय आणि जवळ येत नाही म्हणजे काय. ती तुम्हाला सांगेल.

आता चिकाटीबद्दल बोलू, कारण हा शब्द आपण शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहितो आणि पुसून टाकतो. आरती साहा या बंगालच्या मुलीने १९५९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडीत उडी घेतली, ते पोहणं पूर्ण झालं नाही. ती तिथेच राहिली. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, पुन्हा उतरली आणि पार गेली. खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री. आपल्या पुस्तकांत दुसरी तारीख येते. पहिली येत नाही. मी वर्गात आता दोन्ही सांगते.

अमेरिकेच्या डायना नायड यांनी क्यूबा ते फ्लोरिडा हे अंतर पोहायचा पहिला प्रयत्न १९७८ मध्ये केला, तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. जमलं नाही. साठी ओलांडल्यावर त्या पुन्हा त्याच पाण्यात गेल्या. २०११ मध्ये दोनदा, २०१२ मध्ये एकदा, तिन्ही वेळा बाहेर यावं लागलं. २०१३ मध्ये, ६४ व्या वर्षी, पाचव्या प्रयत्नात जवळपास ५३ तासांनी त्या फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागल्या. पण पुढचंही सांगते, कारण मी शिक्षिका आहे. त्या पोहण्याच्या नोंदी आणि निरीक्षकांची कागदपत्रं पुरेशी नव्हती असा आक्षेप आला, आणि आजवर त्याला अधिकृत मान्यता मिळालेली नाही. वर्षानुवर्षं घाम गाळला तरी साक्षीदार नीट हवेत, वही नीट हवी. परीक्षेत जे मुलांना सांगतो तेच इथेही लागू. चिकाटी आहे म्हणून हिशेब माफ होत नाही.

आणि चिकाटी म्हणजे वेड्यासारखं घुसणंही नव्हे. इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहणारा कॅप्टन मॅथ्यू वेब. १८७५ च्या ऑगस्टमध्ये हवा बिघडली म्हणून त्याने पहिला प्रयत्न सोडला, बारा दिवसांनी पुन्हा उतरला आणि पावणेबावीस तासांत पार झाला. तोच वेब १८८३ मध्ये पैशासाठी आणि नावासाठी नायगारा धबधब्याखालच्या लोंढ्यात उतरला आणि तिथेच मेला. माणूस एकच. एकदा त्याने पाण्याचं ऐकलं, एकदा ऐकलं नाही. तेव्हा ‘जिद्द असेल तर काहीही शक्य आहे’ असली भाषणं मी करणार नाही. काहीही शक्य नसतं. जे शक्य आहे तेही आपण करू देत नाही, माझी तक्रार एवढीच आहे.

ही तक्रार आपल्या घरच्या अंगणात, वऱ्हाडात आणून ठेवते.

आमच्या भागात पाण्याशी नातं विचित्र आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णेकाठचा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. विहीर खोदली तरी पाणी तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे. नळाला पाणी कधी येणार यावर बायकांचा दिवस ठरतो. अशा ठिकाणी पोहणं हा विषय निघतो तो फक्त वाईट बातमीत. धरणावर, नदीच्या डोहात, खदानीत मुलं पोहायला गेली आणि परत आली नाहीत. दर उन्हाळ्यात, दर गणपती विसर्जनाला, दर ईदच्या सुट्टीत अशा बातम्या येतात. त्यात आमच्या मोहल्ल्यातली नावंही असतात. मग आठवडाभर आया मुलांना पाण्याजवळ जाऊ देत नाहीत, आणि शिकवत कुणीच नाही. न शिकवलेली मुलं पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गुपचूप जातात.

पण याच वऱ्हाडात पोहण्याची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे शरीर कमावण्याचं शिक्षण दिलं जातं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या मुलांनी तिकडे जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले होते. पूर्ण दृष्टिहीन असलेल्या कांचनमाला पांडे मूळच्या अमरावतीच्या. त्यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. समोरची भिंत दिसत नसताना जिला पोहता येतं, तिच्या शहरात आम्हा डोळस बायकांना विचारलं जातं, ‘या वयात?’

मी पोहायला शिकले एकेचाळिसाव्या वर्षी. लहानपणी मामूंच्या गावी विहिरीत माझे भाऊ पाठीला रिकामा डबा बांधून शिकले. माझं काम त्यांचे कपडे सांभाळायचं. विहिरीच्या काठावर बसून मी मोजायची, कोण किती वेळ पाण्याखाली राहतो. मला उतरायचंय असं एकदा म्हटलं तर अम्मी म्हणाली, ‘‘बड़ी होके सीखना.’’ मोठी झाले तेव्हा ‘अब बड़ी हो गई’ म्हणून नको. या दोन वाक्यांच्या मध्ये कधीतरी माझी वेळ होऊन गेली म्हणे. मला ती दिसलीच नाही.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी गेले असताना कळलं की एका जलतरण तलावात बायकांची बॅच सुरू झाली आहे, शिकवणारीही बाईच. तलावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रार आहे. पहिले चार दिवस मी फक्त कठडा धरून तोंडाने पाण्यात फुगे सोडले. शिकवणारी माझ्या मोठ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती म्हणायची, ‘‘मॅडम, श्वास घ्यायचं टेन्शन नका घेऊ, आधी सोडायला शिका.’’ एवढी साधी गोष्ट. पाण्यात घाबरलेला माणूस श्वास आत ओढत राहतो, आधीचा बाहेर सोडत नाही, म्हणून दम कोंडतो. वीस वर्षं मुलांना उच्चार शिकवताना ‘सांस छोड़ो, फिर बोलो’ म्हणणारी मी, मला हे पाण्यात माहीत नव्हतं.

पंचवीस मीटरची एक फेरी न थांबता पूर्ण व्हायला तीन आठवडे लागले. त्याच उन्हाळ्यात शंभर मीटरपर्यंत पोचले. मग शाळा सुरू झाली, अकोल्याला परत आले. पुढच्या वर्षी गेले तर बायकांची बॅच बंद. का? ‘‘संख्या कमी आहे.’’ पुरुषांच्या चार बॅच चालू होत्या. आम्ही सातजणी तिथल्या ऑफिसात तीन वेळा जाऊन बसलो. आमच्यात दोन नर्स होत्या, एक बँकेतल्या बाई होत्या, एक आजीबाई होत्या ज्यांना गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. चौथ्या वेळी सकाळचा पाऊण तास मिळाला. त्या पाऊण तासात दोन सुट्ट्यांमध्ये मी एक किलोमीटरपर्यंत आले. पंचवीस मीटरच्या चाळीस फेऱ्या. पन्नास मिनिटं लागत होती म्हणून शिकवणारी पाच मिनिटं उशिरा शिट्टी वाजवायची.

मग कोकण. ओळखीतून एक अनुभवी प्रशिक्षक आणि एक होडीवाला मिळाला. सकाळी समुद्र शांत असताना उतरले. तलावात तळाला काळी रेघ असते, ती धरून जाता येतं. समुद्रात खाली काहीच नाही, हिरवट अंधार. तोंड वळवून श्वास घ्यायला गेले आणि लाट तोंडात आली. दुसऱ्यांदा पण आली. वाटलं, माझ्या तीन मुलांना काय सांगतील. प्रशिक्षक होडीतून शांतपणे म्हणत होते, पाठीवर व्हा, आराम करा. मला ते ऐकू येत होतं आणि करता येत नव्हतं. चारशे मीटरच्या आसपास मी होडीची कड धरली. लांब पल्ल्याच्या पोहण्यात नियम असा की सोबतच्या नावेला हात लागला की ते पोहणं तिथेच संपलं. खाडीत तेरा तास पोहलेल्या माणसालाही हाच नियम आणि मला चारशे मीटरलाही हाच.

होडीत बसून परत येताना मला रडू आलं नाही. मला एक गोष्ट दिसली. कुणीही एकटा समुद्र पोहत नाही. त्या थॅनिंगसाहेबांच्या बाजूला नाव होती, निरीक्षक होता, ठरावीक वेळाने गरम पेय देणारं माणूस होतं. आपल्याला फोटोत पाण्यातलं एकच डोकं दिसतं. नाव फोटोच्या बाहेर असते. आणि आमच्या समाजात चाळिशीच्या माणसाला, त्यातून बाईला, ही नावच कुणी देत नाही. मुलासाठी बाप नोकरीतून सुट्टी काढतो, उसने पैसे आणतो, नाव लावतो. त्याच्या आईने तीच गोष्ट मागितली तर तिला म्हणतात, बस आता.

आता माझ्याच माणसांशी दोन शब्द. मोहल्ल्यातल्या एका दर्समध्ये एका साहेबांनी मला ऐकवलं की बाईने पाण्यात जाणं आपल्यात बसत नाही. आपल्यात काय बसतं ते जरा बघू. हजरत उमर यांच्या नावाने एक ताकीद सांगितली जाते की आपल्या औलादीला पोहणं, तीरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा. हेच साहेब मुलांच्या खेळाच्या कार्यक्रमात ती मोठ्या अभिमानाने सांगतात. मी उर्दूची शिक्षिका आहे, औलाद या शब्दात मुली येत नाहीत असं मला कुठल्याही शब्दकोशात सापडलेलं नाही. आणि औलाद काय फक्त बारा वर्षांपर्यंतच असते? माझी अम्मी हयात आहे. मी अजून तिची औलादच आहे.

राहिला पडद्याचा प्रश्न. त्याला उत्तर निघालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झनेती या बाईने २००४ मध्ये अंगभर पोहण्याचा पोशाख तयार केला, आता तसे कपडे आपल्या बाजारातही मिळतात. मी तोच घालते. खाडीच्या अधिकृत नोंदीसाठी तो चालत नाही हे खरं. तिथे बाह्या आणि पाय नसलेलाच पोशाख लागतो. मला तिथे नोंद करायची नाही, मला कोकणात एक किलोमीटर पोहायचंय. पण गंमत बघा. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या काही समुद्रकाठच्या गावांनी हाच पोशाख घालून किनाऱ्यावर यायला बंदी केली. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाला ऑगस्टअखेर त्यातली एक बंदी थांबवावी लागली. तिकडचे नगराध्यक्ष म्हणाले, इतके कपडे घालून पाण्यात येऊ नकोस. इकडचे बुजुर्ग म्हणाले, कितीही कपडे घाल, पाण्यात जाऊ नकोस. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, तरी बाई दोघांच्या हिशेबात काठावरच राहते.

बायकांचाच प्रश्न आहे असंही नाही. आमच्या शाळेतले सर ज्या दिवशी मला हसले, त्या दिवशी ते स्वतःलाच हसत होते असं मला नंतर वाटलं. पन्नाशीचा माणूस, डायबेटिस, गुडघे दुखतात, संध्याकाळी पानटपरीवर दोन तास उभे. त्यांनाही कधीतरी कुणीतरी ‘अब इस उम्र में’ म्हटलंय आणि त्यांनी ते मान्य केलंय. आपल्याकडे मुलगा नोकरीला लागला, मुलगी सासरी गेली की माणूस स्वतःच्या आयुष्याचा वॉचमन होऊन बसतो.

बंगालमध्ये मसुदूर रहमान बैद्य नावाचे पोहणारे होऊन गेले. लहानपणी रेल्वे अपघातात दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. १९९७ मध्ये ते इंग्लिश खाडी पोहून गेले, २००१ मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी. २०१५ मध्ये, पन्नाशीच्या आतच, त्यांचं निधन झालं. गरीब मुसलमान घरातला माणूस, पाय नाहीत, आणि आमच्या उर्दू शाळांत त्यांचं नाव मुलांना माहीत नाही. मी विचारून बघितलंय. एकही हात वर झाला नाही. शिक्षकांचाही नाही.

मला विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, हे पगारदारांचे चोचले आहेत. कोकणात जायचं, प्रशिक्षक, होडी, याला पैसा लागतो. जिच्या घरी महिन्याचं रेशन पुरत नाही तिला काय सांगणार? खरं आहे. मलाही हा खर्च दोन वर्षं वाचवून करावा लागला, आणि मला पगार आहे. विडी वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींच्या आया हा खर्च करू शकत नाहीत. पण यातून निघतं काय? त्यांनी पोहू नये असं निघतं, की नगरपालिकेचा तलाव त्यांच्यासाठीही असावा असं निघतं? तलाव त्यांच्याही करातून बांधलाय. त्यात त्यांच्यासाठी दिवसाचा एक तास आणि एक शिकवणारी बाई, एवढीच गोष्ट आहे. गरिबीचं कारण पुढे करून जे आहे तेही बंद ठेवणं, याला मी गरिबांचा कळवळा मानत नाही.

दुसरं म्हणणं धोक्याचं. त्यालाही मान्यता. चाळिशीनंतर उतरायचं तर आधी रक्तदाब, साखर, हृदय तपासून घ्या. एकट्याने कधीही नाही. आणि धरणात, कॅनॉलमध्ये, खदानीत मुळीच नाही. महान असो की सिंभोरा, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी नाही. गाळ, ओढ, अचानक खोली, कुठेही जीवरक्षक नाही. उघड्या पाण्यात जायचं तर जिथे नाव आणि जाणकार माणूस आहे तिथेच. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी समुद्री जलतरण स्पर्धा होते. तिथे लहान मुलांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत लोक आपापल्या वयोगटात उतरतात, पाण्यात सुरक्षेची माणसं असतात. तिथे कुणी कुणाला वय विचारून हसत नाही. वय फक्त गट ठरवायला विचारतात.

मला माझ्या भाषेची एक गोष्ट आठवते. उर्दू माध्यमातून शिकलेली मी बी.एड.ला आले तेव्हा माझ्या मराठीत ‘ळ’ नव्हता. उर्दूत तो आवाजच नाही. मी ‘शाला’ म्हणायची, ‘बाल’ म्हणायची, आणि मागच्या बाकावरून हशा यायचा. तेव्हाही एका मैत्रिणीने सांगितलं होतं, ‘‘आता या वयात जीभ वळत नाही.’’ तेव्हा माझं वय तेवीस होतं. आज मी त्याच मराठीत लिहितेय आणि माझे विद्यार्थी माझ्याकडून ‘ळ’ शिकतात. म्हणून ‘या वयात’ हे वाक्य मी आता फार मनावर घेत नाही. ते तेविसाव्या वर्षीही म्हणतात, चव्वेचाळीसाव्या वर्षीही म्हणतात, आणि सत्तराव्या वर्षीही म्हणतील.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. अकोला आणि अमरावतीच्या तलावांत बायकांसाठी रोजची वेळ, वर्षभर, संख्या कमी आहे म्हणून बंद न करता. उर्दू आणि मराठी दोन्ही शाळांतल्या मुलामुलींना पाचवीच्या आत निदान पाण्यावर तरंगण्याचं शिक्षण, म्हणजे दर उन्हाळ्यातल्या त्या बातम्या कमी होतील. आणि घरातल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने काही नवीन शिकायचं म्हटलं तर हसण्याच्या आधी एकदा विचारा, ‘‘मी काय मदत करू?’’

माझ्या मिस्टरांनी तसं विचारलंय. त्यांना पोहता येत नाही. ते म्हणाले, पुढच्या वेळी होडीत मी बसतो. प्रशिक्षकांनी मला सराव दिलाय, पाठीवर तरंगत श्वास सावरायचा, रोज दहा मिनिटं. आमच्या स्टाफरूममधल्या एका तरुण मॅडमनी त्या दिवशी सगळे गेल्यावर हळूच विचारलं, ‘‘टीचर, तो अंगभर ड्रेस कुठे मिळतो?’’ मी दुकानाचा पत्ता दिला. सकाळच्या पाऊण तासात आता आम्ही आठजणी होऊ.